लेकींच्या घरी उरलेली छायाचित्रे : पानशेतच्या पुरात संग्रह गमावलेल्या एका कुटुंबाचे प्रकरण

१२ जुलै १९६१ रोजी सकाळी आंबी नदीवरचे पानशेतचे मातीचे धरण, काम पुरते आटोपण्याआधीच, फुटले आणि त्या लोंढ्याने त्याच दिवशी खाली मुठेवरची खडकवासल्याची भिंतही फोडली. पुण्यातल्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. या प्रकरणातील कुटुंब तेव्हा शनिवार पेठेत, ओंकारेश्वराच्या बाजूला एका वाड्यात तळमजल्यावर भाड्याने राहत होते. माणसे वेळेत बाहेर पडली, परंतु कोठीच्या खोलीतली लोखंडी ट्रंक जागीच राहिली. तिच्यात दोन आल्बम, सुटी छायाचित्रे, जन्मपत्रिका आणि लग्नपत्रिका होत्या. पाणी ओसरल्यावर ट्रंक चिखलात सापडली. घरच्यांनी आतला ऐवज तसाच उन्हात वाळत घातला आणि तो एकमेकांना चिकटून कडक झाला.

पुढे हे कुटुंब गोखलेनगर भागातील पूरग्रस्तांच्या वसाहतीत राहायला गेले. घरातील पुढच्या पिढीची समजूत अशी झाली की १९६१ पूर्वीचे आपल्याकडे काहीच नाही. ही समजूत साठ वर्षे टिकली. पुरात चौदा वर्षांचा असलेला मुलगा आता पंचाहत्तरी ओलांडलेले गृहस्थ आहेत आणि त्यांच्या मुलीने घराण्याचा इतिहास जुळवायचे ठरवले, तेव्हा तिच्या हातात वडिलांच्या आठवणी आणि तो कडक झालेला गठ्ठा एवढेच होते. प्रस्तुत लेखकाचा या कामाशी संबंध प्रतिमांकन (स्कॅनिंग) आणि नोंदवही यांपुरता होता. कुटुंबाच्या इच्छेनुसार कोणाचेही नाव येथे दिलेले नाही.

सुरुवात जशी सगळीकडे होते तशीच झाली, म्हणजे आडनावाने. त्याच आडनावाच्या चुलत घराण्यांत विचारणा झाली, छापील कुलवृत्तांत चाळून झाला, आणि हाती आली ती वंशावळ : बाप, मुलगा, नातू अशी उतरत जाणारी नावे. कुलवृत्तांतांची रीतच अशी की मुलीचे नाव, फार तर सासरचे नाव आणि गाव एवढे देऊन ती रेघ तिथेच थांबते. वंश कोणत्या दिशेने गेला हे त्यातून कळते. वस्तू मात्र त्या दिशेने जातातच असे नाही. छायाचित्राच्या दोन-तीन प्रती काढल्या की एक घरी राहायची आणि उरलेल्या लग्न होऊन गेलेल्या मुलींकडे जायच्या. स्थळांना दाखवायला पाठवलेला मुलीचा फोटो, ठरल्यास, सासरीच राहायचा. बाळंतपणाला माहेरी आलेली मुलगी परत निघताना भावंडांचा एखादा फोटो मागून न्यायची. त्यामुळे पुराने जे बुडवले ती फक्त पुण्यातली प्रत होती. हे ध्यानात आल्यावर शोधाची दिशा बदलली आणि आजोबांच्या तीन बहिणींची सासरे समोर आली : थोरलीचे बडोद्यात, मधलीचे बेळगावात, धाकटीचे इंदुरात.

थोरली आणि मधली आता हयात नाहीत. नव्वदी ओलांडलेल्या इंदूरच्या आत्याआजी मात्र खणखणीत बोलतात. बडोद्याच्या घरी थोरलीची सून आहे, वय ऐंशीच्या पुढे. या सर्व प्रकरणात सर्वांत मोलाची वस्तू तिच्याकडून मिळाली, आणि तिचे या कुटुंबाशी रक्ताचे नाते नाही.

बडोद्याचा आल्बम काळ्या जाड कागदाचा, फोटोंचे कोपरे कागदी खाचांत अडकवलेले आणि दोन पानांच्या मध्ये पातळ बटर पेपर. ही रचना छायाचित्रांना मानवते, म्हणून आल्बम न मोडता पानांसकट प्रतिमांकित केला. पहिल्याच पानावर एक चौदा-पंधरा वर्षांची दिसणारी मुलगी काळी चंद्रकळा नेसून स्टुडिओतल्या वेताच्या खुर्चीवर बसली आहे. गळ्यात, मनगटावर आणि कपाळावर पांढरे, दाणेदार दागिने आहेत. ते मोत्यांचे वाटतात, पण भिंगाखाली एकेका दाण्याचे काटे दिसतात. हलव्याचे दागिने लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला घालतात, तेव्हा या फोटोची तारीख ठरवण्यासाठी फक्त लग्नाचे वर्ष हवे होते. ते आल्बमच्या खिशात ठेवलेल्या लग्नपत्रिकेत होते : वैशाख वद्य, शके १८५१. शकात ७८ मिळवून १९२९ येते, महिना मे. संक्रांत मात्र त्याच शकाच्या पौषात येते आणि पौष-माघात इंग्रजी वर्ष पुढे सरकलेले असल्याने तिथे ७९ मिळवावे लागतात. म्हणून फोटो जानेवारी १९३० चा. घरोघरच्या नोंदींत पौष, माघ आणि फाल्गुनातल्या तारखा हमखास एका वर्षाने मागे पडलेल्या दिसतात, त्याचे कारण हेच.

बडोद्याच्या घरी सांगत आले ते असे की सासूबाईंचे लग्न सोळाव्या वर्षी झाले. त्याच खिशात त्यांची जन्मपत्रिकेची गुंडाळीही होती आणि तिच्यात जन्म भाद्रपद शके १८३८, म्हणजे १९१६ चा आहे. लग्नात त्यांना तेरावे चालू होते. मुलीचे लग्नाचे किमान वय १४ ठरवणारा शारदा कायदा सप्टेंबर १९२९ मध्ये मंजूर झाला आणि १ एप्रिल १९३० पासून अमलात आला. त्यामुळे या लग्नात बेकायदेशीर काही नव्हते, तरी पुढच्या काळात घरच्यांनी वय वाढवून सांगायला का सुरुवात केली असेल, हे समजणे अवघड नाही. सूनबाईंना ही नोंद लिहिलेली नको होती. त्यांचे म्हणणे, "त्या स्वतः सोळाच सांगायच्या, मग आपण कोण खोडणारे?" अखेर दोन्ही गोष्टी नोंदल्या : पत्रिकेप्रमाणे जन्मतिथी, आणि त्या स्वतः सांगत ते वय. माझ्या मते सांगितलेले वय हीदेखील इतिहासातलीच वस्तू आहे. ते पुसून फक्त कागद ठेवला असता तर कुटुंबाला या लग्नाविषयी काय वाटत आले, तेच नाहीसे झाले असते.

आल्बमच्या शेवटी, कोणत्याही पानाला न लावलेले, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले कॅबिनेट (जुन्या स्टुडिओंतल्या ठरावीक) आकाराचे एक छायाचित्र होते. खुर्चीवर पगडी आणि उपरण्यातला तरुण, शेजारी उभी नऊवारीतली स्त्री. तरुण म्हणजे पणजोबा, हे ओळखायला वेळ लागला नाही. स्त्री मात्र पणजी नव्हती. पुण्याच्या वडिलांना त्यांची आजी नीट आठवते आणि चेहऱ्यात कुठेही साम्य नव्हते. "आधीचं एक लग्न झालं होतं म्हणतात," एवढेच त्यांना ठाऊक होते. त्या पहिल्या पत्नीचे नाव, माहेर, ती कधी गेली, यातले काहीही पुण्याच्या घरात उरलेले नव्हते. बडोद्याच्या थोरल्या आत्याआजी या तिच्या एकुलत्या एक मुलगी.

सूनबाईंनी सासूकडून ऐकलेली हकीगत अशी : लग्नाच्या आदल्या रात्री आजीने, म्हणजे पणजोबांच्या आईने, हा फोटो साड्यांच्या घडीत घालून मुलीच्या ट्रंकेत ठेवला आणि सांगितले की इथे तो कोणी लावणार नाही, तुझ्याजवळ असू दे. दुसरी बायको नांदत्या घरात पहिलीचा फोटो अडचणीचा होता, असा याचा सरळ अर्थ. हा अर्थ दुसऱ्या पणजीवर अन्याय करणारा आहे, असे वडिलांना वाटले आणि ते त्यांनी बोलूनही दाखवले. त्यांनी पाहिलेली आजी सावत्र मुलीचे बाळंतपण मायेने करणारी होती. दोन्ही गोष्टी खऱ्या असायला हरकत नाही. नोंदीत हकीगत सांगणाऱ्याच्या शब्दांत ठेवली आणि वडिलांचे म्हणणे तिच्याखाली त्यांच्या शब्दांत. काहीही असो, घरात नकोसा झाला म्हणूनच तो फोटो पुरापासून वाचला.

पहिल्या पत्नीचा माग लागला तो एका अनपेक्षित कागदावरून. १९२९ च्या लग्नात वाटलेली मंगलाष्टके गुलाबी पातळ कागदावर छापलेली होती. शार्दूलविक्रीडितात बसवताना कवीने दोन्हीकडच्या आप्तांची नावे ओवली होती, आणि त्यांत वधूला बोहल्यावर आणणाऱ्या मामांचे नाव आडनावासह होते. वधूचा मामा म्हणजे आईचा भाऊ, तेव्हा पहिल्या पत्नीचे माहेरचे आडनाव हाती आले. मंगलाष्टकांना आपण साहित्य म्हणून हसतो आणि पुष्कळदा ती हसण्याजोगी असतातही, पण लग्नाला कोण हजर होते आणि कोणाचा मान राखला गेला, याचा इतका भरवशाचा पुरावा दुसरा क्वचित मिळतो. जुन्या पत्रिकांबरोबर ती टाकून देऊ नयेत.

तिचे स्वतःचे नाव मिळाले नाशिकला. तीर्थोपाध्यायांच्या वह्या घराण्यांच्या आडनावांप्रमाणे आणि गावांप्रमाणे लावलेल्या असतात आणि यजमान अस्थिविसर्जनाला किंवा श्राद्धाला आला की स्वहस्ते लेख लिहून जातो. पणजोबांचा लेख मोडीत होता. तो मोडी वाचणाऱ्या जाणकाराकडून वाचून घेतला. त्यात पत्नीचे नाव, आणि मृत्यू शके १८४० च्या आश्विनातला, म्हणजे ऑक्टोबर १९१८ चा आहे. मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती.

इंदूरच्या आत्याआजींनी "ती प्लेगात गेली" असे ऐकले होते. पुण्यात प्लेगची पहिली मोठी साथ १८९६-९७ ची असली तरी पुढची कित्येक वर्षे तो परतून येत राहिला, म्हणून हे अशक्य नाही. परंतु १९१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मुंबई इलाख्यात इन्फ्लुएन्झाची दुसरी लाट ऐन भरात होती आणि तरुण माणसे तिला अधिक बळी पडली. तिथी पाहता कौल इन्फ्लुएन्झाच्या बाजूने जातो. लोकांच्या बोलण्यात सगळ्या साथी एका प्लेगच्या नावाखाली जमा होतात, हे अशा मुलाखतींत वारंवार आढळते. नाशिकच्या लेखात कारण दिलेले नसल्याने वंशपत्रात फक्त "साथीच्या तापाने" असे लिहिले आहे.

बेळगावच्या घरातले साहित्य वेगळ्या अवस्थेत होते. तिथे १९४४ चा एक मोठा समूहफोटो चौकटीत भिंतीवर लावलेला होता : मधल्या बहिणीच्या लग्नाआधी मुद्दाम काढवून घेतलेला, अकरा माणसांचा. पावसाळी हवेने फोटोचा जिलेटिनचा थर एका कोपऱ्यात काचेला चिकटला होता आणि कडांच्या गडद भागावर चांदीची आरशासारखी झाक आली होती. घरातल्या एका तरुणाने काच सुरीने सुटी करून पाहण्याची तयारी दाखवली, ती वेळीच थांबवली. चिकटलेला भाग ओढला की प्रतिमाच काचेवर निघून येते. फोटो काचेसकट ठेवून, दोन्ही बाजूंनी तिरपा उजेड देऊन कॅमेऱ्याने प्रतिमा घेतली आणि चौकट बाहेरच्या ओलसर भिंतीवरून आतल्या भिंतीवर हलवली. एवढे पुरेसे होते.

उरलेल्या कामाचे तपशील थोडक्यात. कॅबिनेट आणि त्याहून मोठे फोटो ६०० डीपीआयवर (म्हणजे इंचाला ६०० बिंदू), आणि साठच्या दशकातले आग्फा क्लिक थ्रीवर काढलेले सहा बाय सहा सेंटिमीटरचे चौकोनी ठसे १२०० वर प्रतिमांकित केले. लहान ठशाची एक बाजू त्यामुळे सुमारे २८०० बिंदूंची होते आणि मागे उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा वाचता येतो. प्रत्येक फोटोची मागची बाजूही घेतली, कारण स्टुडिओचा शिक्का, तारीख आणि "चि. सौ. कां. ... हिस" अशी अक्षरे तिथेच असतात. मूळ प्रत टिफमध्ये आणि वाटण्यासाठी जेपेग. मागे काही लिहायचे ते मऊ पेन्सिलीने, कडेला. बॉलपेनची शाई आणि दाब दोन्ही पुढच्या बाजूवर उमटतात. बेळगावात काही रंगीत फोटो लॅमिनेट केलेले निघाले. चांगल्या हेतूने केलेला हा प्रकार फोटोंचे सर्वांत जास्त नुकसान करतो, कारण तो परत काढता येत नाही.

कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर फोटो आले की लगेच कोणीतरी ते ॲपमधून रंगवून टाकी. संक्रांतीच्या फोटोतली चंद्रकळा अशा रीतीने निळी झाली आणि दोन दिवसांत "आजीची निळी साडी" असा उल्लेखही सुरू झाला. रंगवलेल्या प्रती वेगळ्या फोल्डरमध्ये, नावापुढे "रंगवलेली" असे लिहून ठेवायच्या आणि मूळ प्रती गटावर पाठवायच्या झाल्यास डॉक्युमेंट म्हणून, म्हणजे त्या दाबल्या जाणार नाहीत, असा नियम मुलीने घातला. तो पाळला जातोच असे नाही.

तो कडक झालेला गठ्ठा उघडलेला नाही. पोळ्यांच्या चवडीसारखे त्याचे पापुद्रे कडेने दिसतात, एका कडेला एका लहान मुलाचा बूट दिसतो, आणि नातेवाइकांपैकी प्रत्येकाला तो पाण्यात भिजवून सोडवायचा मोह होतो. ओले फोटो ओले असतानाच, स्वच्छ थंड पाण्यात एकेक करून वेगळे केले असते तर पुष्कळसे वाचले असते. एकदा वाळून जिलेटिन एकजीव झाले की ते काम घरचे राहत नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलासंवर्धन केंद्र आहे. तिथल्यासारख्या प्रशिक्षित हातांकडेच हा गठ्ठा न्यावा, असा सल्ला दिला आहे. तोवर तो आम्लरहित कागदात गुंडाळून कपाटात आहे. जे फोटो त्यात आहेत त्यांतले बरेच आता बेळगाव आणि इंदूरच्या प्रतींवरून मिळाले असावेत, त्यामुळे घाई नाही.

आठवणी घेण्याच्या पद्धतीविषयी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. इंदूरच्या आत्याआजींना फोटो पुढे ठेवून "हे कोण?" असे विचारले की त्या अंदाजाने उत्तर देत आणि एकदा दिलेल्या उत्तराला धरून बसत. त्याऐवजी "हा वाड्यात कुठे काढला?", "त्या दिवशी जेवायला काय होते?" असे विचारले की माणसे आपोआप येत. वाड्याचा चौक, आड, वरच्या मजल्यावरचे बिऱ्हाड, संध्याकाळी येणारा गवळी, असे करत त्या एकेका कोपऱ्यात उभ्या असलेल्याचे नाव घेत. बैठक अर्ध्या-पाऊण तासाहून लांबवली नाही, आणि भाची किंवा सून शेजारी असली तर बोलणे अधिक खुलले, कारण ऐकणाऱ्याला ठाऊक नसलेले काही सांगायचे असते. ध्वनिमुद्रणाच्या फाइलला फोटोचाच क्रमांक दिला. १९६१ च्या जुलैत आजोबांनी इंदूरला धाडलेले पोस्टकार्डही त्यांच्याकडे निघाले. त्यात सगळे सुखरूप असल्याचे सांगून झाल्यावर एक ओळ आहे : "फोटो व पत्रिका गेल्या, तुझ्याकडे असतील त्या जपून ठेवणे." घराबाहेर प्रती आहेत हे आजोबांना माहीत होते. पुढच्या पिढीला ते सांगायचे राहून गेले.

मूळ वस्तू कोणाकडे राहाव्यात, यावर काही काळ खटके उडाले. पुण्याच्या घराला पहिल्या पणजीचा फोटो आपल्याकडे असावा असे वाटत होते. बडोद्याच्या सूनबाईंनी नम्रपणे, पण ठाम नकार दिला आणि तो रास्त होता : ज्या घराने तो नव्वदहून अधिक वर्षे सांभाळला त्या घराचा त्यावर हक्क आहे, आणि सगळे एका घरी आणून ठेवणे म्हणजे १९६१ ची परिस्थिती पुन्हा निर्माण करणे. आता मूळ वस्तू जिथल्या तिथे आहेत. प्रतींचा पूर्ण संच तिन्ही शहरांत आणि पुण्यात आहे. नव्या वंशपत्रात मुलींच्या रेघा पुढे चालवल्या आहेत, त्यामुळे ते एका पानावर मावत नाही आणि छापखान्याने दुमडून लावण्याचा वेगळा दर सांगितला आहे.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. १९४४ च्या समूहफोटोत उजवीकडून तिसरा, टोपी हातात धरलेला तरुण कोण, यावर तीन घरांची तीन मते आहेत. बेळगावकरांच्या मते तो मधलीचा वाईचा मामा. इंदूरच्या आत्याआजींच्या मते वरच्या मजल्यावरचा बिऱ्हाडकरू, ज्याला फोटोची भारी हौस. पुण्यात सांगत आले ते असे की तो दर गुरुवारी वारावर जेवायला येणारा विद्यार्थी, ज्याला पणजीने "तूही उभा राहा रे" म्हणून बोलावले. वाईच्या घरी मामांचा त्याच सुमाराचा फोटो आहे. तो मागवून कान ताडून पाहिले, कारण वय आणि मिशा बदलल्या तरी कानाची ठेवण बदलत नाही. मामांची पाळी गालाला चिकटलेली आहे, फोटोतल्या तरुणाची सुटी. मामा बाद झाले. नोंदीत तिन्ही मते सांगणाऱ्यांसह आहेत, पहिल्यापुढे वाईचा निष्कर्ष लिहिला आहे, आणि बेळगावकरांना तो अजून मान्य नाही.